मनगट

लाखांदूरच्या ग्रामीण रुग्णालयात,
एक्स-रेच्या खोलीत, दुपारी दीडला
भाचीनं धाडलेला फोटो उघडला.
गुहागरकडं वाळूवर आलेला डॉल्फिन, त्याचा पर.
"मामाजी, हाडं पाहून सांगा ना, केवढा होता?"

मी काय सांगू गा, प्रणोती.
आमच्या तलावात मरळ, नाहीतर झिंगे.
आणि हा तर मासाच नव्हे म्हणतेस.

पण पराच्या आतून हात निघाला.
मनगटाचे खडे, मग बोटं,
दोन बोटं लांबच लांब, कांड्यापुढं कांडं,
मोजणारा थांबायचं विसरल्यासारखी.

अठरा वर्षं मी मनगटंच पाहतो.
पोरगी म्हणते एकोणीस, बाप म्हणतो पंधरा,
शाळेच्या दाखल्यावर अख्ख्या वर्गासारखा एक जुलै.
मी एवढंच म्हणतो : हात ठेव, हलवू नको.
हाडाच्या टोकाशी काळी रेघ दिसली
की वाढ बाकी.
बुजली की झालं.
पुढचं कोर्टात.

फोटो बोटांनी मोठा करतो.
कोपराकडची फट भरलेली.
मनगटाकडची उघडी, पातळ,
नखानं ओढल्यासारखी.

लिहितो : भरत आला होता.
अजून दोनेक पावसाळे लागले असते.
मग "पावसाळे" खोडतो.
पाण्यातल्यानं ते कशावरून मोजावे?
दुसरा शब्द सुचत नाही,
तोच परत लिहितो.

दार ढकलून शिपाईबाई विचारते, घेऊ का आत?
मागं बाकड्यावर एक पोरगी
डाव्या हातानं उजवं मनगट
झाकून बसलेली.