अकरा सेकंद

तिन्ही शाळांचे कागद
बाबांच्या फेरीबोटीच्या केबिनमध्ये
थर्मासखाली दाबून ठेवले होते,
नाहीतर रायबंदर सोडताच वाऱ्यानं नेले असते.

पहिली शाळा परराज्यातली. गुळगुळीत कागद,
गॉगल घातलेला मुलगा, मागे मावळता सूर्य,
नोकरीची हमी तीन ठिकाणी, तिन्ही लाल अक्षरांत.
बाबा म्हणाले, एवढा सूर्य कशाला?

दुसरीत मी जाऊन आले.
काचेच्या पेटीत हातभर हेलिकॉप्टर,
पात्यांवर धुळीचा कण नाही.
खरं कुठाय, विचारलं.
सर्व्हिसिंगला, बाई म्हणाल्या.
कधीपासून, ते नाही म्हणाल्या.
हप्त्यांचा तक्ता मात्र त्यांना तोंडपाठ.

तिकिटांच्या जुन्या बुकाच्या पाठीवर
मी प्रश्न लिहून नेत असे:
उडण्याजोगी यंत्रं किती?
शिकवणारा एकच, की दर आठवड्याला नवा?
पावसाळ्याचे चार महिने कुणाच्या हिशेबात?
शाळाच बंद पडली तर पैसे?
आणि तळाशी, पेन्सिलनं, बाबांच्या अक्षरात:
इंजिन बंद पडलं तर?

तिसरी डिचोलीपलीकडच्या सड्यावर.
खाणीचे ट्रक जिथं रांगेनं उभे असत
तिथं एक पत्र्याची शेड,
दोन माणसांपुरतं निळं यंत्र,
आणि मिनेझिस सर, पायात रबरी चपला.
माहितीपत्रक म्हणजे एक झेरॉक्स,
त्यातही फीचा आकडा खोडून
हातानं नवा लिहिलेला. वाढीव.

शेवटचा प्रश्न वाचून ते उठले.
कुंपणावरच्या उक्षीचं एक सुकलं फळ तोडलं,
पाच कागदी पाकळ्यांचं,
आणि हात उंच करून सोडून दिलं.
ते गरगरत आलं, जराही घाई न करता,
माझ्या बुटाशी टेकलं.
ह्याला इंजिन कुठं होतं?
खालून येणारा वारा पुरतो,
फक्त डावा हात वेळेत खाली गेला पाहिजे.
सेकंद, दीड सेकंद मिळतो.
तेवढा मी शिकवतो. बाकीचं यंत्र शिकवतं.

बँकेतले साहेब म्हणाले, विमान का नाही?
विमानाला थांबता येत नाही, मी म्हटलं.
ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले,
मग कुठंतरी शिक्का मारला.

डावा हात उचलला की नाक उजवीकडे पळतं.
डाव्या पायानं ते आणावं जागेवर
तर अख्खं यंत्रच सरकतं शेडच्या दिशेनं,
कुत्रा उठून उभा राहतो.
उजव्या हातातली दांडी
मी नुसतं मनात आणलं तरी कलते.
आवळू नकोस एवढी, सर म्हणतात,
तिला पळून कुठं जायचंय?

पाच फुटांवर, लाल धुळीत,
काहीच न करण्यासाठी
दोन हात, दोन पाय, सगळी पाठ घामानं भिजलेली.

भरतीच्या वेळी चोडणच्या धक्क्याला
बाबा बोट बांधत नाहीत.
इंजिन रेटून नुसती टेकवून धरतात,
स्कूटरी उतरतात, मासळीच्या पाट्या उतरतात,
एक म्हातारी छत्री विसरते, परत येते, घेऊन जाते.
खाली मांडवी ओढतच असते.
लहानपणी मला वाटायचं
बोट तिथं आपोआप उभी राहते.

रात्री शेवटच्या फेरीला केबिनमध्ये बसले.
आज किती?
अकरा सेकंद.
आणि कुठं पोचलीस?
कुठंच नाही.
बाबांनी मान हलवली,
सव्वीस वर्षं ह्या काठावरून त्या काठावर
जाऊन आलेल्या माणसानं हलवावी तशी,
आणि थर्मासचं झाकण
माझ्यापुढे सरकवलं,
अर्धं भरून. पूर्ण भरलेलं
ह्या पाण्यावर सांडतं.