मंगळवारचा बर्फ

जाखेन पहाटे खिडकीतून हात बाहेर काढतो,
बोटं चोळतो, म्हणतो, "आज काही खरं नाही,"
आणि बूट चढवायला बसतो.

रात्रभर दक्षिणेचा गरम वारा.
स्कुओलच्या शाळेमागे बर्फाला साय धरलीय :
पाय ठेवला की फुटते,
गुडघा आत, शिवी बाहेर.
वर खिंडीत तर सगळं झाडूनच नेलेलं.
उरली निळसर काच; स्कीच्या कडा
पाटीवर पेन्सिल घासावी तशा किरकिरतात.

"पलीकडे बघू."
परवाही हेच म्हणाला होता,
तेव्हा पलीकडे सैल भिजलेली कणीक मिळाली.
"बाराला माझी लिफ्टवर पाळी आहे," मी सांगते.
त्याला एका कानाने कमी ऐकू येतं,
कुठल्या, ते तो रोज ठरवतो.

आणि मग लार्चच्या झाडांमागे,
जिथे नोव्हेंबरपासून ऊन फिरकलेलं नाही,
एक पट्टा. गोठ्याएवढा रुंद.
जाखेन चिमूटभर जिभेवर ठेवतो :
"मंगळवारचा. रात्री पडलेला."
काठी खुपसून थर चाचपतो, वर कड्याकडे बघत राहतो बराच वेळ.
"एकेकट्याने जायचं. तू आधी."

बावीस वळणं. मोजली मी.
पायाखाली आवाजच नव्हता,
फक्त गालांवर गार भुकटी.

वळून पाहिलं तर तो अजून वरच,
माझ्या रेघा वाचत.
मग बाजूच्या सडक्या बर्फातून
धडपडत उतरला,
उरलेला पट्टा तसाच ठेवून.

"उद्यासाठी?"
"उद्या पाऊस आहे," म्हणाला,
आणि स्की खांद्यावर टाकून चालू लागला.