वल्हं

पहिल्या दिवशी सगळ्यांनी फोटो काढले.
लिंबांवर बर्फ, होड्यांवर बर्फ,
चर्चबाहेरच्या बाकावर कुणी म्हातारं येऊन बसावं
तसा बर्फ.
बेकरीवाल्या स्तामातिसनं मुलांना घसरायला ट्रे दिले.
मी बंदरावरची तिकीटखिडकी उघडून बसले,
बोट येणार नाही हे सांगायला.
विचारायला कुणी आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी वीज गेली.
रात्रभर डोंगरावर पाइनची झाडं मोडत होती.
आधी लांबलचक कण्हणं, मग काडकन,
मग अशी शांतता
की पुढचं झाड कान देऊन ऐकत असावं.

तिसऱ्या दिवशी कळलं, अख्ख्या बेटावर फावडी सहा.
चार थडगी खणणाऱ्या फोतिसकडे,
दोन कुणाकडे ते कुणी कबूल करेना.
नगराध्यक्ष म्हणाले, रस्त्यावर मीठ टाका.
मीठ येतं अथेन्सहून, बोटीनं.
आम्ही सगळे एजियनकडे बघत उभे राहिलो.
चहूकडे मीठच मीठ
आणि मुठीत चिमूटभर नाही.

मग ज्याच्या हाताला जे लागेल ते.
भट्टीत पाव सरकवायची लांब लाकडी फळी,
मासळीची क्रेट, शाळेच्या फळ्याचा तुकडा.
माझ्याकडे वडिलांचं वल्हं होतं,
होडी विकली तेव्हा एकटंच मागे राहिलेलं.

आर्गिरोशी मी अकरा वर्षं बोलत नव्हते.
तिच्या लिंबाची फांदी माझ्या भिंतीवर,
माझी करवत तिच्या फांदीवर,
पुढचं सगळं कोर्टात.
बोलणं टाकायला जागा फार लागते,
आणि गाव एवढंसं.
चर्चमध्ये वेगळी रांग, बेकरीत वेगळी वेळ,
इतकी वर्षं फार निगुतीनं सांभाळलं होतं आम्ही ते.

संध्याकाळी तिच्या घरातून शिटी ऐकू येऊ लागली.
लाम्ब्रोसच्या ऑक्सिजनच्या यंत्राची,
बॅटरी संपत आल्याची.
तिचा नवरा. स्पंज काढायला बुड्या मारायचा,
एका दमात चार चार मिनिटं.
दोन शिट्यांच्या मधलं अंतर
मी श्वास रोखून मोजू लागले.

भिंत कुठे आहे ते दिसत नव्हतं
म्हणून मी सरळ गेले.
वल्हं खुपसायचं, उचलायचं, बाजूला टाकायचं.
पाण्यात ते मागे रेटलं की होडी पुढे जाते.
बर्फात काही पुढे जात नाही,
आपणच जायचं.
मध्येच पायाखाली काहीतरी टणक लागलं.
मी भिंतीवर उभी होते.

पलीकडून ती येत होती,
तेलाचा डबा कापून त्याच्या पत्र्यानं खणत.
'बॅटरी,' ती म्हणाली.
अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द.
'होडीची चालेल. खाली बंदरात आहे.'
'निसरडं असेल.'
'असेल.'

मुलांनी टाकून दिलेल्या एका ट्रेवर बांधून
आम्ही ती ओढत वर आणली.
एकदा मी पडले, एकदा ती.
कुणी कुणाला हात दिला ते सांगणार नाही.
लाम्ब्रोस सकाळपर्यंत श्वास घेत राहिला
आणि कुरकुरत राहिला
की दोघींनी मिळून फरशी ओली केली.

सहाव्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला.
छपरांच्या पागोळ्या गळू लागल्या.
भिंत एकेक दगड करत वर आली.
लिंबाचं झाड मधोमध चिरलेलं,
अर्धं तिच्याकडे, अर्धं माझ्याकडे,
लिंबं मऊ पडून तपकिरी झालेली.

कोर्टाची तारीख मार्चमध्ये आहे.
बेकरीत ती साडेसातला जाते,
मी आठला.
फक्त वल्हं तिच्या दाराशी टेकवलेलं आहे.
ती आणून देत नाही,
मी मागत नाही.
काल त्यावर लाम्ब्रोसचे मोजे वाळत होते.