दोनशेवीस, पाच, एक

रुवीच्या मागच्या गल्लीत, गळक्या एसीखाली बादली ठेवून
जमनादासशेठचं दुकान चालायचं.
मी आतल्या टेबलावर. पगार सत्तर रियाल,
वर दुपारचा चहा आणि शेठचे टोमणे, ते बिनहिशेबी.

चौऱ्याण्णव साल. सिंगापूरहून खोकी यायची,
खोक्यात चंदेरी पिशवी, पिशवीत हिरवी पाटी, वीतभर,
खालच्या कडेला सोनेरी दात.
लोक विचारत, हे बसवून काय होतं?
मी म्हणायचो, मशीन मुकं आहे, बोलायला लागतं.

तसं लगेच नाही लागायचं.
पत्ता दोनशेवीस, इंटरप्ट पाच, डीएमए एक.
तिन्ही जुळले तर नशीब,
नाहीतर इवलीशी काळी टोपी चिमट्यानं उचलायची,
शेजारच्या दोन काट्यांवर बसवायची,
झाकण लावायचं, पुन्हा उघडायचं.
सातवर ठेवलं की प्रिंटर अडून बसायचा,
बांधावरच्या भावकीसारखा.
आजही झोपेतून हलवून विचारा,
गावचा पिनकोड चुकेन, हे चुकणार नाही.

इब्राहिम होडेकर गुरुवारी आला.
घालाच्या कॅम्पात स्वयंपाकी, गाव दाभोळ.
खिशात साठ मिनिटांची कॅसेट,
फीत एका जागी चघळलेली, नेलपॉलिशनं सांधलेली.
"तुटायच्या आत हिला मशीनमध्ये घाला."
मी हिशेब सांगितला. एका फ्लॉपीत दोन मिनिटं.
"दोनच?"
हार्ड डिस्क शेठची होती, आणि भरलेली.

स्टुलावर बसून त्यानं एक बाजू ऐकली, उलटली, दुसरी ऐकली.
मनिऑर्डर पोचली. कौलं महागली.
कुणाची तरी सोयरीक मोडली, मेहुणा बोलत नाही,
रोशनला गणितात छत्तीस.
मला वाटलं, मुलगी सलाम करते तेवढं घेईल.
त्यानं घेतला तो शेवट,
सगळे बोलून उठून गेले
आणि टेप बंद करायचा राहिला, तिथला.
लांबून कुणीतरी भाकरी थापत होतं.
थाप, थाप, बांगडी, थाप.
कोंबडीला हाड् केलं. पुन्हा थाप.

मी समजावलं, कार्ड आठ बिटांचं,
आवाजाला पायऱ्या फक्त दोनशेछप्पन,
फार हळू असेल ते पहिल्या पायरीच्या खालीच राहतं,
वर येत नाही.
"वाढवा मग," म्हणाला.
टेपचा आवाज शेवटपर्यंत वाढवला.
थापा आल्या. बरोबर खरखर आली,
हार्ड डिस्कची कुरकुर आली,
मी माउस हलवला त्याची बारीक शीळसुद्धा
तव्याच्या मागे कुठेतरी बसली.
फाइलीच्या नावाला आठच जागा मिळायच्या.
भाकरी, इंग्रजीत लिहिली. दोन उरल्या.

त्याच्याकडे कॉम्प्युटर कुठला!
दर शुक्रवारी असरनंतर यायचा,
फ्लॉपी रुमालात गुंडाळलेली.
दोन मिनिटं ऐकून जायचा. शेठ म्हणे, तिकीट लाव.
दहा महिने असे गेले.

एका शुक्रवारी म्हणाला, "वाजवू नका. नुसतं चालू करा."
स्पीकर ठप् झाला, मग ती नेहमीची मोकळी खरखर.
होडेकर डोळे उघडे ठेवून बसला,
उजवा तळवा गुडघ्यावर जरासा हलत होता.
"उतरली," म्हणाला, आणि उठला.
फ्लॉपी टेबलावरच राहिली.
मग कॅम्प सोहारला हलला म्हणतात.

फ्लॉपीला बुरशी धरली, टाकून दिली.
कार्ड माझ्याकडे होतं. ते बसेल अशी फट
आता कुठल्याच मशीनला नसते.
परवा अल खुवेरचा एक पोरगा आला, जुनी कार्डं जमवतो,
चाळीस रियाल देतो म्हणाला.

विकलं नाही असं लिहिणार होतो. विकलं.
फक्त पाचवरची टोपी काढून घेतली, काळी,
तांदळाच्या दाण्याएवढी.
त्याला दुसरी मिळेल.