पडायचं कसं

पहिला महिनाभर ज्योत्स्नाताईंनी आम्हाला
फक्त पडायला शिकवलं.

धरणगावात, बंद जिनिंगच्या शेडमध्ये,
भिंतींच्या भेगांत अजून रुई अडकलेली.
खड्डा खणून त्यात भरला होता
व्यापाऱ्याने परत केलेला कवडी कापूस.
कुशीवर, पाठीवर, हनुवटी छातीला लावून,
दिवसाला चाळीस वेळा.
माझी आई म्हणाली, "पैसा भरीसन हाईच शिकनी का?"

बीम गोपा सुताराने केलेला, बाभळीचा,
चार इंच रुंद, वर जुन्या गोधडीची खोळ.
"बांधावर चालणाऱ्या पोरींना
चार इंच म्हणजे हमरस्ता,"
असं म्हणून ताई बीम छातीइतका वर चढवायच्या.

पदक आम्ही कधी पाहिलं नाही.
"लॉकरात आहे. दरवर्षी त्याचं भाडं भरते."
ऑलिंपिकचं विचारलं तर एवढंच,
की ऐन उलटी घेताना नाकाला खाज सुटली होती.
मिरवणूक मात्र गावाला तोंडपाठ:
ट्रॅक्टर, केळीचे खांब, गुलाल,
आमदारांनी उतरायला पुढे केलेला हात
आणि तो न धरता ताईंनी मारलेली उडी.

मग एका वर्षी सातपुड्यातून रेमली पावरा आली.
अनवाणी चढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली,
वळली, परत आली.
ताई म्हणाल्या, "आता पड."
रेमली म्हणाली, "कशाला?"

शेडमध्ये पत्रा तेवढा तडतडत होता.
ताईंनी सलवार गुडघ्याच्या वर घेतली.
रेमली वाकली,
त्या शिवणीवरून बोट फिरवलं
आणि मुकाट्याने खड्ड्याकडे गेली.

मी फार पुढे गेले नाही. तालुक्यापर्यंत.
रेमलीचा फोटो आता पेपरात येतो.

पण मला आठवते ती मे महिन्यातली संध्याकाळ.
विसरलेला डबा आणायला मी परत गेले,
तर ताई बीमवर.
एक पाऊल. थांबणं. दुसरं.
हात पसरलेले, बोटांची टोकं थरथरणारी,
पांढऱ्या भुकटीत उमटलेला तळवा.
मधोमध त्यांनी टाच उचलली,
एका पायावर मोजून तीन श्वास,
मग खाली बसल्या
आणि बैलगाडीवरून उतरावं तशा
घसरत, एक एक पाय टेकवत, उतरल्या.

मला पाहिलं.
"माठ भरलास का गं?" म्हणाल्या.