पाकीट न फोडता

ग्वाल्हेरच्या जानेवारीत
बाळं गाठोड्यांतून येतात.
हे आलं रात्री साडेनऊला, कंपूकडून, रिक्षातून:
दोन स्वेटर, कानटोपी, वर आत्याची शाल,
शालीला शेगडीचा वास.
वय सव्वीस दिवस. नाव अजून नाही.
केसपेपरवर नुसतं 'रणदिवे यांचं बाळ'.

रामश्री सिस्टरनी एकेक थर उतरवला.
अर्धा तास थांबून पुन्हा थर्मामीटर.
शंभर पॉइंट आठ.
म्हणजे शेगडीवर ढकलायची सोय नव्हती.

पुढचं माझ्या हातांना पाठ आहे.
महिन्याच्या आतलं बाळ, अंगात ताप:
रक्त, लघवी, पाठीतलं पाणी.
पाढा म्हणताना मधेच थांबून
कुणी विचारत नाही, का म्हणून.

ट्रेमध्ये सुई होती, पाकिटात.

दोन वर्षांमागे भिंडहून एक मुलगी आली होती.
मी धरलं होतं तिला,
हनुवटी गुडघ्यांशी, पाठीची कमान,
कातडीखाली साबुदाण्याएवढे मणके.
तीनदा टोचलं. तिन्हीदा रक्तच आलं,
आणि लाल पाण्यातून काही वाचता येत नाही.
म्हणून दहा दिवस सलाईन. दहा दिवस तिची आई
भिंतीला टेकून, दूध आटत गेलेली.
घरी जाताना कागदावर लिहिलं: आजार आढळला नाही.
खाली सही माझी.

आणि तो बारा दिवसांचा मुलगाही आठवतो,
ज्याचं पाणी गढूळ निघालं.
तो सुईमुळेच वाचला.
दोघं एकाच खिशात घेऊन फिरते मी.

'कॅथेटर राहू द्या मॅडम,' सिस्टर म्हणाल्या.
आधी पोटभर पाजायला लावलं,
मग बाळाला काखांत धरून उभं लोंबतं ठेवलं,
मला म्हणाल्या, कमरेवर अंगठे फिरवा, गोल, हलके.
बाप बाटली धरून वाकलेला,
पूजेत तीर्थ घ्यावं तसा.
चौथ्या मिनिटाला धार आली.
निम्मी बाटलीत, निम्मी माझ्या बाहीवर.
त्या रात्री पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

रक्तासाठी एकदाच टोचलं.
मग वाट पाहणं. बाकावर बाळाची मोठी बहीण,
पाच वर्षांची, झोपेत नाक ओढत होती.
तिला सर्दी कधीपासून,
हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मीही.

पावणेबाराला रिपोर्ट. लघवी स्वच्छ.
पेशी ठीक. प्रोकॅल्सिटोनिन अगदी खाली.
मी आईबापांना दोन्ही सांगितलं,
सुईनं काय कळेल, आणि थांबलो तर काय निसटू शकेल.
'शून्य' हा शब्द मी वापरला नाही.

वैदेहीनं विचारलं, 'तुमचं असतं तर?'
या प्रश्नाला मी उत्तर देत नाही.
'इथेच बसले असते,' म्हटलं, 'दर तासाला बघत.'
'मग बसा,' ती म्हणाली.

बसले.
एक वाजता: रंग चांगला.
दोन: दूध प्यायलं, रागावून.
तीन वाजता मला वाटलं चुकलं माझं, फार झोपतंय,
तळव्याला टिचकी मारली,
त्यानं अख्खा वॉर्ड उठवला.
सिस्टर नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे.

सकाळी नव्व्याण्णव. घरी नाही सोडलं,
अजून एक दिवस, कल्चर येईपर्यंत.

सुई परत ड्रॉवरमध्ये ठेवली,
एक्सपायरी बघून. लागेल कुणाला तरी,
कदाचित आजच, आणि तेव्हा माझा हात थरथरू नये.
बाही धुवायची राहिलीय.