डावं पेडल

इद्वालची गाडी सदतीस वर्षं माझ्या गॅरेजात होती.
"पुढच्या उन्हाळ्यात काढतो," म्हणाला,
किल्ली खिशात घातली आणि दुपारच्या पाळीला गेला.
ट्रायम्फ जीटी-सिक्स, एकोणसत्तरची. रंग जांभळा,
म्हणजे होता.

पोर्ट टॅलबटची शेवटची भट्टी विझली तेव्हा
मलाही घरी पाठवलं.
वेल्डिंगचा मुखवटा तेवढा बरोबर नेऊ दिला.
आठवडाभर मी कपाटं पुसली.
मग एका मंगळवारी ताडपत्री ओढली,
आणि गाडीचं अख्खं तोंड पुढे उलथलं.
या गाडीचं बॉनेट तसंच उघडतं, दिव्यांसकट,
दंतवैद्यापुढे कुणी आ करावा तसं.
आत सहा सिलिंडर, ओळीनं,
आणि कार्ब्युरेटरच्या खाली उंदरांनी केलेलं घर,
चॅपलमधल्या स्तोत्रांच्या पानांचं.
चार शब्द अजून लागत होते.
मी वाचले नाहीत.

दाराखालच्या पट्टीवर बोट टेकवलं.
बोट आत गेलं,
चहात बुडवलेल्या बिस्किटात जातं तसं.
आत वर्तमानपत्र कोंबून वरून लांबी भरलेली, गुळगुळीत.
कुणीतरी केलेलं काम.
कुणीतरी म्हणजे इद्वालनंच; पेपरवरची तारीख
त्याच्या लग्नाच्या आठवड्यातली.

हिवाळाभर कापत राहिले, जोडत राहिले.
एक मिलिमीटरचा पत्रा.
ठिपका, थांब. ठिपका, थांब.
जरा आच जास्त झाली की रुसतो, पीळ धरतो,
मग कितीही ठोका.
तीस वर्षं मी हातभर जाड पोलादाशी बोलले होते,
ओरडूनच म्हणा ना.
हे कुजबुजणं या वयात शिकले.

इद्वाल स्टुलावर बसून सांगायचा:
तो स्क्रू नको, मूळचा लाव.
विजेवरचा पंखा? मूळचा लाव.
माझदाचा गिअरबॉक्स, पाच गिअरचा? डोकं फिरलंय का नेरिस?
हिला चारच होते,
आणि चौथ्यातच मी ब्रेकनचा डोंगर ओलांडलाय.
मी हो म्हणायचे आणि माझदाचाच बसवायचे.

त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही.
साखरेनं नेला, दोन वर्षं झाली.
आणि क्लच डाव्या पायाला असतो.
हे आम्हां दोघांनाही माहीत होतं, पहिल्या दिवसापासून,
आणि आम्ही स्क्रूंवरून भांडत होतो.

फेब्रुवारीत, तो नसताना,
मी गिअरच्या दांड्याला एक मूठ लावली,
मोटरसायकलची, भंगारातून आणलेली.
मुठीतून नळी, नळीत तेल, तेल थेट क्लचपर्यंत.
दाबली की सुटतो, सोडली की धरतो.
पेडल काढून बाकावर ठेवलं.

तो आला. वाकला. बराच वेळ वाकलेलाच.
छपरावर एक कुरव पक्षी चालत होता,
त्याची नखं ऐकू येत होती.
"हे मूळचं नाही," इद्वाल म्हणाला.
"तूही नाहीस," मी म्हणाले.
तोंडातून गेलं.

तेव्हा त्यानं पँट वर केली.
दोन वर्षांत मला दाखवला नव्हता त्यानं तो पाय.
करडा, पोकळ, घोट्यापाशी चार स्क्रू.
"बघ," म्हणाला, "सगळे मिलिमीटरमधले.
माझ्याकडचा एकही पाना बसत नाही याला.
सगळे इंचातले."
मी माझी पेटी उघडली. सहाचा बसला.
एक खरंच सैल होता.

पेडल मी फेकलं नाही.
त्याचं रबर एकाच कडेला झिजलंय,
बावीस वर्षांच्या कुणा घाईतल्या बुटाखाली.
मुखवट्याशेजारी खिळ्याला लटकावलंय.

एप्रिलमध्ये तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन धरलं,
इतका धूर की पलीकडच्या मिसेस प्रॉथरोनं धुणं आत घेतलं.
फाटकापाशी बंद पडली. पुन्हा पडली.
त्याची मूठ फार लवकर सुटते, पोराच्या हातून पतंग सुटावा तशी.
चौथ्यांदा मात्र निघाली, जांभळी, खाकरत,
आणि फाटकाबाहेर लगेच चढ.
"हँडब्रेक!" मी मागून धावत ओरडले.
"कुठल्या हातानं?" तो ओरडला.